अंगावर वागवलेले जग

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. नॉर्वेच्या हार्डांगर भागात आइसलँडचे एक जहाज येऊन लागले. खांद्यावरून पांघरायचे राखाडी, केसाळ लोकरी झगे त्यात खच्चून भरले होते. माल चांगला होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. जहाजाचा तांडेल राजा हाराल्डच्या ओळखीतला होता. त्याने राजापुढे गाऱ्हाणे घातले. राजा आपल्या माणसांसह होडीने आला, माल पाहिला आणि यातला एक मला देतोस का, असे त्याने विचारले. तांडेलाने आनंदाने दिला. राजाने तो तिथेच खांद्यावर घेतला. होडी परत फिरण्याआधी बरोबरच्या प्रत्येक माणसाने एकेक झगा विकत घेतला होता. पुढच्या काही दिवसांत एवढी झुंबड उडाली की निम्म्या लोकांनाही माल पुरला नाही. राजाला मात्र ‘राखाडी झग्याचा हाराल्ड’ हे नाव कायमचे चिकटले.

ही हकिकत आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन याने १२३०च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहून ठेवली. तिचा शब्दन् शब्द खरा मानायची गरज नाही. पण राजाने अंगावर घेतले म्हणून तलवारबहाद्दर दर्यावर्दी एका झग्यासाठी झुंबड करतात, यात स्नोरीच्या श्रोत्यांना काहीच वावगे वाटले नाही, हे महत्त्वाचे आहे. आज व्हायकिंग म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो काळ्या कातड्यात गुंडाळलेला, मळकट, कपड्यालत्त्याची पर्वा नसलेला रानगडी. पुरावा नेमका उलटा आहे. ७९३ ते १०६६ हा काळ ढोबळमानाने व्हायकिंगांचा मानतात. त्या काळात उत्तरेकडची ही माणसे कपड्यांची आणि दागिन्यांची विलक्षण भोक्ती होती, आणि त्यांच्या अंगावरचे कितीतरी काही त्यांच्या भूमीतले नव्हतेच. व्यापार, लूट, नजराणे, दुसऱ्यांची बेधडक नक्कल आणि घरातल्या बायकांचे अखंड कष्ट यांतून त्यांची वेशभूषा उभी राहिली. व्हायकिंगांचे नाव घेऊन आज जे कोणी ‘निर्भेळ उत्तरी वंशा’ची भाषा करतात, त्यांना सर्वांत ठाम उत्तर व्हायकिंगांचे कपडेच देतात.

हे कपडे आपल्यापर्यंत पोचले तेही नशिबानेच. लोकर, ताग, रेशीम मातीत फार काळ टिकत नाही. पण मृताच्या अंगावर ब्रांझचा ब्रोच असेल तर धातू गंजताना त्यातले क्षार लगतच्या कापडात झिरपतात आणि कापड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तिथे जगू देत नाहीत. अख्खा पोशाख नाहीसा होतो, ब्रोचच्या पाठीला चिकटलेला नखाएवढा तुकडा मात्र हजार वर्षे राहतो. स्वीडनमधल्या बिर्का या व्यापारी गावात यालमार स्टोल्पे १८७१ साली गेला तो अंबरात अडकलेले प्राचीन कीटक शोधायला. पुढे वीसेक वर्षांत त्याने तिथल्या अकराशेच्या आसपास कबरी उघडल्या. त्यांतल्या चिंध्यांचा अभ्यास आग्नेस गाइयर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केला, आणि १९७४ साली इंगा हेग यांनी ब्रोचच्या आतले पदर एकेक करून मोजत बायकांचा पोशाख नव्याने मांडला. कुठल्या कापडावर कुठले कापड होते, एवढ्या बारकाव्यावरून हे ज्ञान उभे आहे.

यात एक मोठी तूट आहे आणि ती विसरून चालणार नाही. ज्याच्या अंगावर धातू होता त्याचेच कापड टिकले. गरीब कुळवाड्याचे, गुरे राखणाऱ्या पोराचे, दासीचे कापड गेले ते गेलेच. ही तूट थोडीफार भरून काढली ती हेडेबी या बंदराने. हे बंदर तेव्हा डेन्मार्कच्या राजांचे होते, आज ते जर्मनीत आहे. १९७९-८०मध्ये तिथल्या गाळातून फाटक्या कपड्यांचे ढीग निघाले. जुने कपडे फाडून, डांबरात बुचकळून जहाजाच्या फटी बुजवायला वापरले होते. कबरीतल्या माणसाला निरोपाचे कपडे घातलेले असतात. हेडेबीच्या चिंध्या रोज अंगावर घालून झिजलेल्या आहेत. गुडघ्यावर विरलेली विजार, ठिगळ लावलेला अंगरखा, असा सामान्य माणसांचा कपडा त्यांच्यातूनच कळतो.

बायकांच्या पोशाखाचे ढोबळ चित्र असे आहे. आत तागाचा लांब सदरा, त्यावर लोकरीचा बिनबाह्यांचा झगा. त्याचे बंद खांद्यावरून पुढे यायचे आणि छातीच्या वर दोन फुगीर अंडाकृती ब्रोचांत अडकायचे. दोन्ही ब्रोचांच्या मध्ये मण्यांच्या माळा, खाली साखळीला किल्ली, छोटा चाकू, सुयांची डबी. हे जोडब्रोच आइसलँडपासून डब्लिनपर्यंत आणि तिथून रशियातल्या नद्यांकाठच्या कबरींपर्यंत सापडतात. एखाद्या कबरीत अशी जोडी निघाली की उत्तरेकडची बाई इथे राहत होती, असे पुरातत्त्ववेत्ते बहुधा बेलाशक म्हणतात.

मग हा झालाच की निर्भेळ, स्वतंत्र पोशाख, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परदेशात गेलेल्या या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ब्रोचांची जोडी सोडली नाही. आपण कोण हे अंगावर मिरवायची गरज परमुलखात जास्त वाटते, आणि ते ओझे बहुतेक समाजांत बायकांच्याच अंगावर पडते. पण जरा जवळून पाहावे. हे ब्रोच मातीच्या साच्यांतून घाऊक पाडले जात. १९२८ साली यान पेटरसन या नॉर्वेजियन अभ्यासकाने त्यांना क्रमांक दिले, आणि त्यांतला ५१ क्रमांकाचा नमुना इतक्या ठिकाणी आणि इतक्या संख्येने सापडतो की तो बाजारात तयार मिळणारा मालच म्हणावा लागतो. ब्रोचांच्या मधल्या मण्यांकडे वळलो की सगळी भौगोलिक कुंपणे गळून पडतात. डेन्मार्कमधल्या रीबे गावात आठव्या शतकात मणी बनवणारे कारागीर होते. त्यांचा कच्चा माल होता रोमन जगातल्या भिंतींवरून उतरवलेले काचचित्रांचे रंगीत चौकोनी तुकडे. शतक संपत आले तसे पश्चिम आशियातले तयार मणी मुबलक येऊ लागले आणि रीबेचे मणीकाम मागे पडले. तांबड्या अकीकाचे आणि स्फटिकाचे मणी आणखी पूर्वेकडून येत. त्यांतल्या काहींचे मूळ अभ्यासक भारतापर्यंत नेतात.

झग्याच्या वर एक शाल असे आणि ती अडकवायला तिसरा ब्रोच. या तिसऱ्या ब्रोचची कथा तर फारच बोलकी आहे. त्याचा एक लोकप्रिय प्रकार तीन पाकळ्यांचा आहे. ही तीन पाकळ्यांची वस्तू मुळात फ्रँकिश, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या, सरदारांच्या तलवारीच्या पट्ट्यावरची जोडणी होती. लूट म्हणून किंवा नजराणा म्हणून ती उत्तरेत आली, तिला मागे टाचणी बसवली आणि ती बाईच्या छातीवर गेली. पुढे उत्तरेतल्या ओतकारांनी तिच्या नकला काढल्या. नॉर्वेतल्या बायकांच्या कबरींत सोन्याचा मुलामा दिलेले असे ब्रोच निघतात की जे मुळात आयर्लंड-ब्रिटनमधल्या चर्चच्या धर्मग्रंथांवरचे किंवा पवित्र पेट्यांवरचे धातूचे पत्रे होते. एखाद्या मठावर धाड घालून आणलेली वस्तू घरच्या बाईला मिळाली आणि तिने ती मिरवली. त्या पत्र्यामागे जळालेला मठ आणि मारलेले भिक्षू आहेत, हेही त्या दागिन्याचे मोल ठरवताना धरावे लागते.

इंग्लंडच्या पूर्व भागात डेन लोक वसले तिथले चित्र वेगळे आहे. तिथल्या शेतांतून गेल्या काही दशकांत धातुशोधक यंत्रांनी छोटे, स्वस्त ब्रोच मोठ्या संख्येने बाहेर काढले. जेन केर्शॉ यांनी पाचशेहून अधिक ब्रोचांचा अभ्यास करून २०१३ साली पुस्तक लिहिले. त्यांतल्या कित्येकांवर नक्षी उत्तरेची, पण घाट चपटा आणि मागच्या टाचणीची रचना अँग्लो-सॅक्सन. म्हणजे इंग्लंडमधल्या कारागिराने इंग्लंडमधल्या कपड्याला बसेल असा, पण डेन दिसेल असा दागिना घडवला. तो घालणारी बाई जन्माने डेन होती की शेजारणीचे पाहून डेन नक्षी घेणारी इंग्रज, हे ब्रोचवरून सांगता येत नाही. दोन समाज एका बाजारात आले की असेच होते.

रेशमाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. नॉर्वेतल्या ओसेबर्ग येथे ८३४ साली दोन स्त्रियांना एका भव्य जहाजासह पुरले. १९०४ साली ते जहाज उकरले तेव्हा रेशमाचे शंभरहून अधिक बारीक तुकडे मिळाले. मारियान वेडेलर यांच्या अभ्यासानुसार त्यांतले बरेचसे पर्शिया आणि मध्य आशियाच्या बाजूने, रशियन नद्यांच्या मार्गाने आले असावेत. हे रेशीम अख्खे थान म्हणून अंगावर आलेले नाही. अरुंद पट्ट्या कापून त्या लोकरी कपड्याला काठ म्हणून शिवल्या होत्या. काठाला किती जपायचे असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये यॉर्क आणि लिंकन या दोन गावांत रेशमाच्या दोन टोप्या सापडल्या. त्या इतक्या सारख्या आहेत की एकाच थानातून कापल्या असाव्यात असे मत मांडले गेले. म्हणजे एकच व्यापारी गावोगाव थोडे थोडे रेशीम विकत फिरत असणार.

ज्यांच्याकडून रेशीम यायचे त्यांनाही या गिऱ्हाइकांची भूक चांगलीच ठाऊक होती. बायझँटाइन सम्राटाने रुस लोकांशी, म्हणजे पूर्वेच्या नद्यांवरच्या व्हायकिंगांशी आणि त्यांच्या स्लाव साथीदारांशी, ९४५च्या सुमारास तह केला. त्यात कलमच होते की रुस व्यापाऱ्याने पन्नास सुवर्णनाण्यांपेक्षा जास्त किमतीचे रेशमी वस्त्र विकत घेऊ नये आणि घेतलेला माल अधिकाऱ्याला दाखवून त्यावर शिक्का घ्यावा. त्या काळच्या एका बलाढ्य दरबाराला कपड्याच्या खरेदीवर तहात बंधन घालावे लागले, एवढी ही हौस होती.

पश्चिमेला फ्रँक दरबारातही तेच. ८२६ साली डेन राजा हाराल्ड क्लाक याने बादशहा लुई याच्यापुढे बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याला आणि त्याच्या राणीला सोन्याच्या तारेची, रत्ने जडवलेली वस्त्रे मिळाली. नोटकर या भिक्षूने नवव्या शतकाच्या अखेरीस एक किस्सा लिहिला आहे. ईस्टरला बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्या डेन लोकांना शुभ्र तागाचा पोशाख आणि भेटी मिळत. एका वर्षी इतके लोक आले की कापड पुरेना, म्हणून घाईत सदरे फाडून शिवून दिले. त्यावर एक वयस्कर डेन भडकला. आपण वीस वेळा इथे बाप्तिस्मा घेतला, दर वेळी उत्तम पोशाख मिळाला, आणि आता हे पोते, असे तो म्हणाला. नोटकरला पाखंड्यांचा लोभ दाखवायचा होता. पण त्याच्या किश्शातून कापडाचा पारखी माणूसच समोर येतो. वीस वर्षांचा अनुभव त्याच्या बोटांत होता, आणि हलके कापड त्याने ताबडतोब ओळखले.

राजाने किंवा सरदाराने दिलेली वस्तू अंगावर घालणे म्हणजे त्याच्याशी बांधले जाणे. एगिलच्या सागेत, म्हणजे या आइसलँडी योद्ध्याच्या वीरकथेत, इंग्लंडचा राजा अथेलस्तान लढाईनंतर भावाच्या मृत्यूने धुमसत बसलेल्या एगिलला तलवारीच्या टोकावर सोन्याचे कडे अडकवून आगटीपलीकडून पुढे करतो. एगिल तेही आपल्या तलवारीच्या टोकावरच घेतो, दंडात घालतो आणि मगच त्याच्या भुवया सरळ होतात. साग्या तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या, त्यांत रंग भरलेला आहे. पण दागिना हा करार होता, हे त्या अचूक सांगतात. शिवाय चांदीचे कडे हे चलनही होते. गरज पडली की तुकडा तोडायचा, तराजूत टाकायचा. गोटलंड बेटावर स्पिलिंग्ज येथे १९९९ साली जे घबाड मिळाले त्यात ६७ किलो चांदी होती. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी, बहुतेक इस्लामी जगातली, आणि ४८६ कडी होती.

ही चांदी आली कुठून? ९२२ साली बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान याने व्होल्गाकाठी रुस व्यापारी पाहिले. त्याने लिहिले आहे की प्रत्येक बाईच्या छातीवर नवऱ्याच्या ऐपतीप्रमाणे लोखंडाची, तांब्याची, चांदीची किंवा सोन्याची डबी असते. गळ्यात सोन्याचांदीच्या हासळ्या असतात, आणि नवऱ्याजवळ दहा हजार दिरहम, म्हणजे चांदीची नाणी, जमली की एक हासळी, वीस हजार झाले की दोन. हिरव्या काचेचे मणी त्यांना सर्वांत प्रिय असल्याचेही तो सांगतो. त्यांचा नायक मेला तेव्हा त्याच्या संपत्तीचा तिसरा हिस्सा त्याला घालायच्या कपड्यांवर खर्च झाला. भरजरी कापडाचा, सोन्याच्या बटणांचा कफ्तान आणि सेबलची कातडी लावलेली भरजरी टोपी. कफ्तान हा गवताळ मैदानांवरच्या घोडेस्वारांचा पेहराव. बिर्काच्या पुरुषांच्या कबरींतही बटणांच्या रांगा मिळतात त्या याच फॅशनच्या.

पण इब्न फदलानने आणखी एक गोष्ट लिहिली आहे आणि दागिन्यांच्या सुंदर छायाचित्रांत ती नेहमी गळून जाते. हे व्यापारी विकायला आणत ते दोन माल, कातडी आणि दासी. लाकडी मूर्तीपुढे उभे राहून ते पुष्कळ दिनार-दिरहम बाळगणारे गिऱ्हाईक धाड, अशी प्रार्थना करत. दहा हजार दिरहमांची एक हासळी म्हणजे किती मुली विकल्या, हा प्रश्न त्या हासळीला विचारायलाच हवा. संग्रहालयाच्या काचेआड चमकणाऱ्या कड्याखाली वजन आणि शतक लिहिलेले असते. त्या चांदीची दुसरी बाजूही तिथे लिहिली जावी.

विकलेल्या मुलींचा आकडा सांगता येत नाही. कपड्यांमागच्या कष्टांचा हिशेब मात्र मांडता येतो. चातीवर कातणारी कुशल बाई तासाला साधारण चाळीस मीटर सूत काढते. सेंटिमीटरला दहा धागे उभे, दहा आडवे असे मध्यम पोताचे कापड धरले तर एका चौरस मीटरला दोन किलोमीटर सूत लागते. अंगरखा, विजार मिळून चार चौरस मीटर कापड लागले तर आठ किलोमीटर सूत, म्हणजे नुसत्या कातणीचे दोनशे तास. मेंढ्यांची लोकर काढणे, विंचरणे, रंगवणे, मागावर चढवणे, विणणे, शिवणे हे सगळे वेगळे. बिर्काच्या उत्तम कापडात सेंटिमीटरला तीसहून अधिक धागे भरतात. शिवाय जहाजांची शिडेही लोकरीचीच होती, आणि प्रत्येक शिडाला कित्येक चौरस मीटर कापड लागायचे. ओसेबर्गच्या जहाजात काठ विणायचा छोटा माग अर्धवट विणलेल्या पट्टीसह ठेवला होता, ५२ छिद्रपाट्यांचा. बायकांच्या कबरींत चात्यांच्या चकत्या मिळतात. आइसलँडमध्ये पुढे हे लोकरी कापडच चलन झाले, कायद्याने त्याचे माप ठरवले आणि कर, दंड, किंमत त्यात मोजली जाऊ लागली. सोने-चांदी पुरुषांच्या पराक्रमातून आली असे साग्या सांगतात. त्या पराक्रमाला वारा धरून देणारे शीड आणि थंडीत जिवंत ठेवणारा कपडा अर्धअंधाऱ्या, जमिनीत खोदलेल्या विणकाम-झोपड्यांतून आला, आणि त्यातले पुष्कळ काम दासींचे होते. व्हायकिंग युगाच्या प्रत्येक इतिहासात तलवारीला जेवढी पाने मिळतात तेवढीच चातीला मिळायला हवीत.

कपडे मळकट असतील ही समजूतही टिकत नाही. यॉर्कच्या उत्खननात आणि इतरत्र रंगांची रासायनिक तपासणी झाली. लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडरचा, जांभळा आपल्या दगडफुलाच्या जातीतल्या वनस्पतीचा, निळा वोड या झुडपाचा. वोडमधले रंगद्रव्य आपल्या निळीतलेच आहे. हरणाच्या शिंगाच्या कोरीव फण्या तर जवळजवळ प्रत्येक वस्तीत सापडतात. लिंडिसफार्नच्या मठावर ७९३ साली धाड पडली, त्याच सुमारास विद्वान अल्क्विन याने नॉर्थम्ब्रियाच्या राजाला पत्रातून खडसावले की केस आणि दाढी ठेवण्यात तुम्ही या पाखंड्यांचेच अनुकरण करता. म्हणजे धाड घालायला येण्याआधीच त्यांची केशरचना इंग्लंडच्या दरबारात पोचली होती. ९६५च्या सुमारास आंदालुसियाहून हेडेबीला गेलेल्या अत-तर्तूशीने नोंदवले की तिथे बायका आणि पुरुष दोघेही डोळ्यांत काजळासारखे प्रसाधन घालतात. स्वीडिश मानववंशशास्त्रज्ञ कारोलिन आर्सिनी यांनी २००५ साली दाखवले की काही पुरुष पुढच्या दातांवर आडव्या खाचा पाडून घेत. रंगलेले डोळे, खाचांचे दात, विंचरलेली दाढी, रेशमी काठाचा लाल-निळा अंगरखा. चित्रपटांतल्या काळ्या कातड्याला यात जागा नाही.

दोन कबरींपाशी थांबायला हवे. डेन्मार्कमधल्या फ्युरकाट येथे ९८०च्या सुमारास पुरलेली एक स्त्री १९५४ साली सापडली. तिच्या अंगावर निळ्या-लाल रंगाचे, सोनेरी धाग्याचे वस्त्र होते. जवळ गोटलंडच्या घाटाचा डबीसारखा ब्रोच आणि पूर्वेकडचे ब्रांझचे भांडे होते. पायाच्या बोटांत चांदीची वळी होती. उत्तरेत अशी जोडवी दुसऱ्या कुठल्या कबरीत मिळालेली नाहीत. एका स्त्रीच्या देहावर तीन-चार मुलखांच्या वस्तू आहेत, आणि तिला पुरले आहे ते राजाच्या गोलाकार किल्ल्याच्या दफनभूमीत, मानाने.

दुसरी कबर बिर्काची, क्रमांक ५८१. १८७८ साली ती उघडली तेव्हा तलवार, कुऱ्हाड, भाले, ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्या निघाल्या. सव्वाशेहून अधिक वर्षे तो पुरुष योद्धा म्हणून गाजला. २०१७ साली जनुकीय तपासणीत ती स्त्री ठरली. बायकी म्हणून ओळखला जाणारा एकही दागिना तिच्या अंगावर नव्हता. टोपीला होती ती चांदीची शिखा, कीव्हच्या बाजूच्या धाटणीची. तेराव्या शतकातल्या एका सागेत विजार घातली म्हणून नवरा बायकोला सोडचिठ्ठी देतो, आणि आइसलँडच्या कायद्यात बाईने पुरुषी पोशाख करण्याला शिक्षा होती. नियम होते म्हणजे ते मोडणारेही होते. ब्रोच दिसला की बाई, तलवार दिसली की पुरुष, असे कबरींचे लिंग ठरवत आलेल्या शास्त्राला या कबरीने आपली गृहीतके पुन्हा तपासायला लावली, आणि ते बरे झाले.

कारण व्हायकिंगांच्या अंगावर आपल्याला हवे ते कपडे चढवायची आपली सवय जुनी आहे. शिंगांचे शिरस्त्राण बायरॉइटच्या रंगमंचावर १८७६ साली वाग्नरच्या संगीतिकांसाठी कार्ल एमिल डोप्लर या वेशभूषाकाराने वापरले, आणि तेव्हापासून ते हटायला तयार नाही. शिंगांची खरी शिरस्त्राणे डेन्मार्कमध्ये १९४२ साली सापडली, ती व्हायकिंगांच्या सतराशे-अठराशे वर्षे आधीची, ब्रांझयुगातली. १९४३ साली नॉर्वेतल्या ग्येर्मुंडबू येथे व्हायकिंग काळातले शिरस्त्राण मिळाले. ते गोल टोपीचे आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कड आहे, शिंगे नाहीत. २०१७ साली उलट्या दिशेची घाई झाली. गामला उप्साला आणि बिर्का येथल्या रेशमी-चंदेरी पट्ट्यांवर ‘अल्ला’ विणले आहे असा दावा एका स्वीडिश संशोधिकेने केला आणि तो जगभर छापून आला. तशी चौकोनी अक्षरशैली कित्येक शतकांनंतरची आहे, हे इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मल्डर यांनी लगेच दाखवून दिले. पूर्वेशी नाते सिद्ध करायला अशा ओढाताणीची गरज नव्हती. पट्टीवरचे शब्द वादग्रस्त असले तरी पट्टीतले रेशीम निर्विवाद बाहेरचे आहे.

शिंगांची चूक बालिश आहे, तिने कोणाचे मोठे नुकसान होत नाही. निर्भेळ वंशाची चूक मात्र घातक ठरली आहे. नाझींनी रून लिपीची अक्षरे गणवेशावर चढवली, व्हायकिंग जहाजांची चित्रे काढून नॉर्वे-डेन्मार्कमधल्या तरुणांना भरतीला बोलावले. आज युरोप-अमेरिकेतले वंशवादी गट थोर या देवाचा हातोडा गळ्यात घालून मोर्चे काढतात. त्या हातोड्याचाही खरा इतिहास त्यांच्या विरोधातच जातो. डेन्मार्कमधल्या त्रेंडगोर येथे दगडाचा एक साचा मिळाला. दहाव्या शतकातल्या त्या कारागिराने एकाच साच्यात हातोडाही कोरला आणि ख्रिस्ती क्रूसही. येईल त्या गिऱ्हाइकाला हवे ते ओतून द्यायची त्याची तयारी होती. २०२० साली ‘नेचर’मध्ये ४४२ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण युरोप आणि आशियाकडून आलेले अंश दिसले, आणि सोनेरी केसांचा सर्वत्र गाजलेला चेहराही तितका सार्वत्रिक ठरला नाही.

दहावे शतक सरत आले तसे जोडब्रोचही गेले. ख्रिस्ती धर्माबरोबर दक्षिणेची फॅशन आली, बायकांनी एका ब्रोचचा युरोपीय पोशाख उचलला, आणि काही पिढ्यांत अंडाकृती ब्रोच ओतणारे साचे निरुपयोगी झाले.

मुलांसाठी व्हायकिंगांची चित्रे काढणाऱ्यांनी, नाटकांची वेशभूषा करणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी आता एवढे करावे. शिंगे काढून टाकावीत, काळे कातडे उतरवावे. लाल-निळी लोकर घालावी, तिला पर्शियाच्या रेशमाचा काठ लावावा, गळ्यात पूर्वेचे मणी घालावेत, आणि शेजारी चाती फिरवणारी बाईही काढावी.